देव सर्वज्ञ असेल, तर दोष कोणाचा?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु ते काम माझ्याहून अधिक अधिकाराने करणारे अनेक जण आहेत. माझ्यावर मात्र एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे ऋण बऱ्याच वर्षांपासून आहे. या निमित्ताने ते फेडण्याचा प्रयत्न करतो.

तो आठवीत होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परतला, तो पंधरा दिवस उशिरा. कोरडवाहू शेती, कापसाचा पडलेला भाव आणि सावकाराचा तगादा यांच्या कात्रीत सापडलेल्या त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. सायंकाळची वंदना आटोपल्यावर सर्व मुले भोजनाला गेली. तो तेवढा बसून राहिला. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "सर, गावचे लोक म्हणते, देवाची मर्जी होती. देवाले आधीच मालूम होतं ना? मंग त्यानं बाबाले काहून नाही थांबवलं?"

मी तेव्हा तरुण होतो आणि उत्तर देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, अशा समजुतीत होतो. मी म्हणालो, "बाळ, आपण देव मानत नाही. हे कर्माचे फळ असते." त्याने माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, "माह्या बाबानं असं कोणतं कर्म केलं होतं, सर?"

मला उत्तर देता आले नाही. त्या मुलाने एका वाक्यात देवाला आणि दुसऱ्या वाक्यात मला निरुत्तर केले होते. गावाने देवाचे नाव घेऊन आणि मी कर्माचे नाव घेऊन त्याच्या वडिलांवर एकच अन्याय केला होता, हे समजायला मला पुढे बराच काळ लागला.

प्रश्न तसा जुना आहे. देव सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे आणि परम दयाळू आहे, असे आपण बालपणापासून ऐकतो. ही तीन विशेषणे वेगवेगळी घेतली तर गोड वाटतात. एकत्र ठेवली की अडचण उभी राहते. समजा, एखाद्या वसतिगृहाच्या अधीक्षकांना रात्रीच ठाऊक झाले की, सकाळच्या स्वयंपाकासाठी काढलेल्या धान्याला विषारी औषध लागलेले आहे. कोठीची किल्ली त्यांच्याच खिशात आहे, त्यांना अडवणारेही कोणी नाही. तरीही ते झोपी गेले आणि सकाळी मुले दगावली. चौकशीत ते म्हणाले, "मी मुलांची परीक्षा पाहत होतो." आपल्यापैकी कोणता पालक त्यांना सज्जन म्हणेल?

माणसाला आपण क्षमा करतो, ती बहुधा त्याच्या अगतिकतेमुळे. बापाजवळ औषधाला पैसे नव्हते, आईला आजार वेळेवर कळला नाही, शेजाऱ्याला हाक ऐकू आली नाही, म्हणून आपण त्यांना दोष देत नाही. ज्याला सर्व ठाऊक आहे आणि जो सर्व काही करू शकतो, त्याला मात्र ही सवलत मिळू शकत नाही. सामर्थ्य आणि ज्ञान जितके वाढते, तितकी जबाबदारीही वाढते. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर हाच पेच सांगितला जातो. पाली जातकांतही तो आहे. भूरिदत्त जातकात ब्रह्मदेव जर सर्व सृष्टीचा स्वामी आहे, तर त्याने ही दुःखाची विस्कटलेली घडी नीट का बसवली नाही, असा रोखठोक प्रश्न विचारला आहे. महाबोधि जातक त्याही पुढे जाते: सर्व काही ईश्वराच्या आज्ञेने घडत असेल, तर माणसाच्या हातून घडलेल्या पापाचा डाग त्या ईश्वरालाच लागतो.

हा वाद केवळ पोथ्यांतला नाही. आपल्या जिल्ह्याचा त्याच्याशी फार जवळचा संबंध आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींनी अस्पृश्यता निवारणाच्या देशव्यापी दौऱ्याला वर्ध्याहून प्रारंभ केला. दौरा चालू असतानाच १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ भीषण भूकंपाने हादरले आणि हजारो माणसे गाडली गेली. गांधीजी तेव्हा दक्षिणेत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा होय, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले.

त्यांचा हेतू शुद्ध होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सवर्णांच्या मनाला धक्का बसावा आणि त्यांनी अस्पृश्यता सोडावी, एवढेच त्यांना हवे होते. परंतु रवींद्रनाथ टागोर अस्वस्थ झाले. अस्पृश्यतेचा तिटकारा त्यांनाही होता. तरी त्यांनी निषेध लिहून पाठवला आणि गांधीजींनी तो आपल्या उत्तरासह फेब्रुवारी १९३४ च्या 'हरिजन'मध्ये छापला. नैसर्गिक आपत्तीची कारणे निसर्गातच असतात, हा टागोरांचा पहिला मुद्दा होता. दुसरा अधिक खोल होता. अशा संहारातून सदाचार शिकवणारा ईश्वर मानला, तर त्याच्यापेक्षा साधा माणूसच नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ ठरेल. शिवाय हा युक्तिवाद गांधीजींच्या विरोधकांनाही तितकाच उपयोगी पडेल, हेही त्यांनी दाखवून दिले. मंदिरे खुली करण्याच्या चळवळीमुळेच देव कोपला, असे सनातन्यांनी म्हटले असते, तर कोणत्या तराजूने त्यांना खोटे ठरवणार?

गांधीजी आपल्या श्रद्धेवर ठाम राहिले. आपल्याला हे सिद्ध करता येणार नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. या वादात टागोरांचे म्हणणे मला पटते, त्याचे कारण साधे आहे. बिहारच्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्यांत अस्पृश्यही होते, मुसलमानही होते, पाळण्यातली लेकरेही होती. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्याच झोपड्या पाडून अन्याय करणाऱ्याला धडा देणारा न्यायाधीश कोणत्या न्यायालयात चालेल?

देवाचा चांगुलपणा वाचवण्यासाठी आजवर जी उत्तरे दिली गेली, ती साधारणपणे चार आहेत. पहिले उत्तर शिक्षेचे. ते वर आलेच. दुसरे परीक्षेचे: दुःखाने माणूस घडतो. काही दुःखांनी माणूस घडतो, हे खरे. आपल्या शाळेतील कित्येक माजी विद्यार्थी त्याची साक्ष देतील. परंतु दुःखाने घडलेल्यांचीच साक्ष आपल्यापर्यंत पोहोचते. मोडून गेलेले साक्ष द्यायला उरत नाहीत. आणि तापाने गेलेल्या सहा महिन्यांच्या बाळाने कोणती परीक्षा दिली?

तिसरे उत्तर स्वातंत्र्याचे. देवाने माणसाला निवडीचे स्वातंत्र्य दिले, त्याचा माणसाने दुरुपयोग केला. या उत्तरात वजन आहे. खून, दरोडा, युद्ध यांचा उलगडा त्याने काही अंशी होतो. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जे घडले, त्याचा होत नाही. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. देवाला निरोप देऊन दमलेली माणसे झोपली होती आणि चारच्या सुमारास धरणी हादरली. हजारो माणसे त्या झोपेतून उठलीच नाहीत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालमधील लिस्बन शहरात भूकंप झाला, तेव्हा संतांच्या सणानिमित्त लोक चर्चमध्ये प्रार्थना करीत होते. त्या घटनेने युरोपातील विचारवंतांची झोप उडवली आणि व्हॉल्तेअरसारख्या लेखकाने हाच प्रश्न ऐरणीवर आणला. भूगर्भातील खडक कोणाच्या इच्छास्वातंत्र्याने सरकत नाहीत.

चौथे उत्तर असे की, देवाची लीला आपल्या बुद्धीपलीकडची आहे. हे उत्तर नम्रतेचे वाटते. पण त्याची किंमत मोठी आहे. देवाचे करणे आपल्या कल्पनेतील चांगुलपणाशी जुळत नसेल, तर मग त्याला 'चांगला' म्हणण्याचा आधार कोणता? निंदेसाठी ज्याची बुद्धी अपुरी, त्याची बुद्धी स्तुतीसाठी पुरेशी कशी ठरते?

या चारही उत्तरांत एक साम्य आहे आणि तेच मला या लेखात सांगावयाचे आहे. देवाला निर्दोष ठेवण्यासाठी प्रत्येक उत्तर दोष दुसरीकडे नेऊन ठेवते, आणि तो बहुधा सोसणाऱ्याच्याच दारात जाऊन पडतो. तू पाप केलेस, तू परीक्षेत उतरला नाहीस, तू चुकीची निवड केलीस, तुला समजत नाही. मार खाणाऱ्यानेच अपराधी वाटून घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे.

आपल्या महाराष्ट्राने याचे एक करुण उदाहरण पाहिले आहे. संत चोखामेळा जन्मभर विठ्ठलाच्या भक्तीत रंगले. पण राऊळाची पायरी त्यांना ओलांडता आली नाही. मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे वेठीचे काम करीत असताना ती भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे. मृत्यूनंतरही ते बाहेरच राहिले. त्यांचे पुत्र कर्ममेळा यांनी मात्र आपल्या अभंगांतून देवालाच जाब विचारला. आम्हाला हीन जन्म देऊन तू कोणते भले केलेस, हा त्यांचा सूर आहे. वडिलांच्या मरणानंतर देवाला प्रश्न विचारणारा मुलगा आपल्या भाषेत सहाशे-सातशे वर्षांपासून आहे. आमच्या वसतिगृहातला तो आठवीचा विद्यार्थी त्याच घराण्यातला.

बाबासाहेबांच्या मनात चोखोबांविषयी किती आदर होता, हे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेवरून कळते. नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला त्यांनी तो अर्पण केला. परंतु त्यांनी आपल्याला दाखवलेला मार्ग महाद्वारापाशी थांबणारा नव्हता. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झाला. ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग नाही, याची त्यांनी त्यात सविस्तर मांडणी केली आहे. देवाला नाकारणे हे त्या विवेचनाचे अंतिम साध्य नाही. धम्माचा केंद्रबिंदू माणसाचे माणसाशी असलेले नाते हा आहे आणि सर्व सूत्रे देवाच्या हाती दिली की त्या नात्याची जबाबदारी निसटते, ही त्यांची खरी चिंता आहे.

तथागतांची पद्धतीही अशीच होती. दीघनिकायातील केवट्टसुत्तात एक सुरेख कथा आहे. चार महाभूते कोठे निरवशेष होतात, हा प्रश्न घेऊन एक भिक्खू देवलोकांत हिंडतो. प्रत्येक देव त्याला वरच्या देवाकडे पाठवतो. शेवटी महाब्रह्मा प्रकट होतो आणि आपण सृष्टीचे कर्ते, सर्वद्रष्टे आहोत, असे पुन्हा पुन्हा बजावतो. भिक्खू म्हणतो, मी ते विचारलेच नाही. तेव्हा महाब्रह्मा त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि हळूच सांगतो की, उत्तर मलाही ठाऊक नाही; पण या देवमंडळींसमोर ते कसे बोलू? कथेतील विनोद कोणालाही कळेल. तिच्यात द्वेष नाही. मोठेपणाच्या उपाधी आणि प्रश्नाचे उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच ती दाखवते. अशी सुत्ते मराठी वाचकांच्या ओळखीची व्हावीत म्हणून आयुष्य वेचणारे आचार्य धर्मानंद कोसंबी जून १९४७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला निवर्तले, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

इथवर वाचून आपल्यापैकी अनेकांनी समाधानाने मान डोलावली असेल. आता आपल्याच घराकडे पाहू या, कारण त्या संध्याकाळी चुकलेला माणूस देवभक्त नव्हता, मी होतो.

देवाची मर्जी काढून तिच्या जागी पूर्वकर्म बसवले की प्रश्न सुटतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात फक्त न्यायाधीशाचे नाव बदलते. आरोपी तोच राहतो. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तथागतांनी तीन मते त्याज्य ठरवली आहेत: सर्व काही पूर्वकर्माने घडते, सर्व काही ईश्वराने निर्मिले आहे आणि सर्व काही कारणाशिवाय घडते. या तिन्ही मतांनी माणसाच्या प्रयत्नाला अर्थ उरत नाही, असे ते म्हणतात. ईश्वरवादाच्या पंक्तीला त्यांनी पूर्वकर्मवादही बसवला, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो की, माणसाच्या वाट्याला येणारे प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येते काय? तथागत त्याला पित्त, कफ, वात, ऋतूंतील बदल, निष्काळजीपणा, बाहेरून झालेला आघात अशी कारणे गणून दाखवतात. कर्माचा परिपाक त्या यादीत आहे. पण अनेकांपैकी एक म्हणून.

बाबासाहेबांनी तर या मुद्द्यावर शब्द गिळले नाहीत. दारिद्र्य आणि हीन स्थिती ही गतजन्मीच्या कर्माची फळे आहेत, असे सांगण्याचा एकच उपयोग संभवतो: गोरगरिबांच्या अवस्थेच्या जबाबदारीतून समाजाला आणि शासनाला मोकळे करणे. त्यांच्या ग्रंथातील हा विचार मी वाचला होता, वर्गात शिकवलाही होता. तरी एका पोरक्या मुलासमोर माझ्या तोंडून जुनेच वाक्य निघाले. संस्कार किती खोल असतात, ते त्या दिवशी कळले. आजही परीक्षेच्या आदल्या दिवशी बुद्धमूर्तीपुढे नवस बोलणारी, बाबासाहेबांच्या प्रतिमेकडे गुण मागणारी मुले मला भेटतात. ज्यांनी 'स्वतः विचार करा' म्हणून सांगितले, त्यांनाच आपण वर देणारे करून टाकतो आहोत.

हे लिहिताना श्रद्धावानांचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. आपल्या जिल्ह्याची परंपरा त्याहून मोठी आहे. आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोपाराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा, यांनी १९४४-४५ च्या सुमारास सेवाग्रामला गांधीजींशी देवाच्या अस्तित्वावर दीर्घ चर्चा केली. ना गांधीजींनी त्यांना आश्रमाबाहेर काढले, ना गोरांनी आपले मत सोडले. गोरांनी आपल्या कन्येचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरवला, तेव्हा विधीत 'देव' या शब्दाऐवजी 'सत्य' हा शब्द ठेवण्यास गांधीजींनी मान्यता दिली. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, तो विवाह सेवाग्रामलाच पार पडला. भूकंपात ईश्वरी शिक्षा पाहणारा महात्मा आणि ईश्वर न मानणारा कार्यकर्ता, दोघेही अखेर एका मांडवाच्या कामाला लागले. विश्वाचा कर्ता कोण, यावर त्यांचे एकमत झाले नाही. समोरच्या अन्यायाचा कर्ता कोण, यावर झाले.

वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे उदाहरणही तेच सांगते. १९२८ साली जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने ते अस्पृश्यांसाठी खुले झाले. ते दार देवाने बंद केले नव्हते आणि देवाने उघडलेही नाही. माणसांनी बंद केले होते; माणसांनी उघडले.

सर्वशक्तिमान आणि सर्वज्ञ देव नैतिकदृष्ट्या चांगला असू शकतो काय, या प्रश्नाला माझे उत्तर म्हणूनच नकाराचे आहे. निदान आपण माणसांना ज्या अर्थाने चांगले म्हणतो, त्या अर्थाने तरी. पण या नकाराने माझे काम संपत नाही, वाढते. देव नसेल, तर 'का घडू दिले?' हा प्रश्न आकाशाकडे विचारता येत नाही. तो गावाला, बाजाराला, शासनाला आणि स्वतःला विचारावा लागतो. किल्लारीत जमीन हादरली. पण माणसे मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या जड छपरांनी. हे समजल्यावरच भूकंपात टिकणारी घरे बांधता येतात. विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. ते कोणाच्या पूर्वजन्मीचे फळ नव्हते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागे पतपुरवठा, भाव, सिंचन, सावकारी अशी कारणे आहेत, हे देशाने मान्य केले होते. ती मदत पुरी पडली काय, हा वाद घालता येतो आणि घालायलाच हवा. कारणे मानवी असली, तरच असा वाद घालता येतो.

त्या मुलाला मी काय उत्तर द्यायला हवे होते, ते आता मला ठाऊक आहे. मी म्हणायला हवे होते, "बाळ, तुझ्या बाबांनी कोणतेही पाप केले नव्हते. त्यांना कोणी शिक्षा दिली नाही. ते एकटे पडले आणि ज्यांनी धावून जायचे होते, ते आम्ही गेलो नाही." हे उत्तर सांत्वनाचे नाही, हे मी जाणतो. परंतु त्यात त्याचे वडील निर्दोष राहतात, आणि त्या वयाच्या मुलाला त्याहून अधिक गरज कशाची असते?

तो मुलगा दहावी होऊन शाळेतून गेला. आज तो कोठे आहे, हे मला ठाऊक नाही. ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी जाणार आहे. त्याच्या हाती पडली, तर त्याने हे पान वाचावे आणि आपल्या सरांना क्षमा करावी. इतरांना एवढीच विनंती की, आपल्या गावात असा एखादा मुलगा असेल, तर 'देवाची मर्जी' आणि 'कर्माचे फळ' हे दोन्ही शब्द ओठांवर येऊ देऊ नका. त्याच्या घरी जा, कर्जाचे कागद मागून घेऊन ते समजून घ्या, तहसील कचेरीत त्याच्या आईसोबत बसा आणि जूनमध्ये त्याचे नाव शाळेत घालण्यासाठी स्वतः या.

जय भीम.